खिडकीच्या गजाला कावीळ नव्हती

सातवीच्या वर्गात मी विचारलं,
माळ घातल्यावर किती जण बरे झाले?
सगळे हात वर.
लोकेशचा मामा, पारोळ्याची नर्मदाकाकू,
वाण्यांचा जावई तर थेट सुरतेहून आला होता
हिलाल आबांच्या ओट्यावर, पिवळे डोळे घेऊन.
माळ गळ्यात पडली, आठवड्यात बेंबीखाली उतरली,
पंधराव्या दिवशी गडी शेवभाजी मागायला लागला.

मग मी विचारलं,
माळ न घालता किती जण बरे झाले?
हात खाली आले, एकेक करत,
जसं काही मी पुस्तकाबाहेरचं विचारलं.

फळ्यावर फुली मारली. चार घरं झाली.
घातली, बरा. घातली, नाही बरा.
नाही घातली, बरा. नाही घातली, नाही बरा.
पहिल्या घरात नावं मावेनात.
बाकीची तीन
गावाबाहेरच्या वस्तीसारखी.
तिकडे कोणी जात नाही,
म्हणून तिकडे कोणी राहतच नाही
असं गावाला वाटतं.

योगिनी काही बोलली नाही.
हिलाल आबा तिचे आजोबा.
दुसऱ्या दिवशी तिने दप्तरातून
घेटुळीच्या काड्यांची ताजी माळ काढली.
मागून आणली की न विचारता,
ते मी विचारलं नाही.
"बाई, ही कोणाला घालायची?"
वर्गात आजारी कोणी नव्हतं.
लोकेशने ती खिडकीच्या गजाला अडकवली
आणि भिंतीवर पेन्सिलीने खूण केली.

मंगळवारी एक बोट. गुरुवारी चार.
काड्या सुकत होत्या, गाठी सैल पडत होत्या.
पुढच्या शनिवारी, सकाळच्या शाळेत,
माळ फरशीच्या वर वीतभर लोंबत होती.
खिडकीच्या गजाला कावीळ नव्हती.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
"पण मामा तर बरा झाला ना?" लोकेश, जवळजवळ भांडत.
झाला, म्हटलं. झालाच.
कशाने, ते आपण अजून मोजलेलं नाही.

आणि मी कोण मोठी शहाणी?
अकरा वर्षं निकालाच्या दिवशी
तीच हिरवी साडी नेसते.
हे सांगून टाकलं तेव्हा
मागच्या बाकावरून जिभाऊ ओरडला,
"बाई, तुमची बी तीन घरं रिकामी!"

रविवारी पोरं वही घेऊन गल्लोगल्ली फिरली.
कोणी भाकरी थापता थापता सांगितलं,
कोणी कुत्रं सोडलं.
घातलेले एकोणीस, त्यातले सतरा बरे.
न घातलेले तेरा, त्यातले बारा बरे.
उरलेल्या तिघांची नावं
योगिनीने वेगळ्या पानावर लिहिली,
त्यांच्यापुढे आकडा घातला नाही.

एक घर राहिलं होतं. तिचंच.

आबा ओट्यावर काड्या सोलत होते.
ती वही पाठीमागे धरून उभी.
"काय लिखी ऱ्हायनी?"
तिने सांगितलं. गजाचंही सांगितलं.
आबांचा चाकू थांबला.
समोरून सरकीचा ट्रॅक्टर गेला,
त्याची धूळ खाली बसेपर्यंत ते गप्प.
मग म्हणाले,
"वीस वरीसना व्हतू, तव्हय माले बी व्हयेल व्हती.
माळ घालाले कोनी नव्हतं.
बरा व्हयनू.
लिखी ले."

सोमवारी तिने तिसऱ्या घरात
बाराचे तेरा केले.
बारा खोडले नाहीत, शेजारी तेरा लिहिले.
मग खडू हातातच ठेवून उभी राहिली.

"बाई, काल रात्री बोरीपलीकडून दोघं आले.
आबांनी माळ घातली त्यांना.
पण पहिल्यांदाच म्हणाले,
सकाळी दवाखान्यात बी जा.
हे दोघं कोणत्या घरात?"

मी फळ्याकडे पाहिलं.
चार घरं, काठोकाठ.
डस्टर सापडेना,
पदरानेच पुसायला घेतला.